हर्षालीचा मारामारीचा सिनेमा

हर्षालीला एक वाईट खोड होती. समोरचा माणूस बोलायला लागला की ती एका कानात बोट घालायची. पहिल्यांदा मला वाटलं, पोरगी उद्धट आहे. मी तसं तोंडावर विचारलं.

"काय गं, माझं बोलणं ऐकवत नाय काय तुला?"

"ऐकतेय ना आजी. एकाच कानानं नीट ऐकू येतं. दोन्ही उघडे ठेवले की अख्खी गल्ली आत येते."

ते खोटं नव्हतं. आमच्या बोनकोडे गावाच्या शेतांवर नवी मुंबईचं कोपरखैरणे उभं राहिलं आणि आम्हाला गावठाण उरलं. पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, जागा तेवढीच. मग ज्यानं त्यानं जुनं घर पाडून वर बांधलं. दोन बिल्डिंगींच्या मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि हर्षालीच्या घराची खिडकी समोरासमोर. हात लांब केला की कालवणाची वाटी पलीकडच्या कट्ट्यावर ठेवता येते. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली की माझी सून आपला गॅस बंद करायची. उजेड मात्र दोन्ही घरांत नाही. भर दुपारी ट्यूब लावावी लागते.

हर्षालीला मी बघितली ती बहुतेक त्या खिडकीतूनच. ती कोणाकडे जाऊन बसणारी नव्हती. बसणार कधी? घरात बाप पडून होता.

बाप म्हणजे बाळाराम. उरणच्या बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. दांडगा माणूस, आवाज तर असा की खालच्या मजल्यावरचं लहान पोर झोपेतून उठायचं. एक दिवस गाडीतून उतरता उतरता कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. त्याची बायको सुगंधा रबाळ्याला एका कारखान्यात पॅकिंगला जायची. घरात पगार आणणारी ती एकटी, म्हणून तिला सुटता येत नव्हतं. मग बापाजवळ लेक. हर्षाली वाशीला कॉलेजात होती, तिथं सिनेमा, टीव्ही, जाहिराती असलं शिकवतात. सुगंधाची सुट्टी असेल किंवा आमच्यातली कोणी बाळारामपाशी बसायला मोकळी असेल तेव्हा ती कॉलेजला जाणार, नाहीतर घरी. एकुलती एक. अदलाबदल करायला दुसरं कोणी नाही.

एवढा मोठा माणूस ती एकटी कुशीवर वळवायची. चादरीचं टोक मुठीत धरायचं, गुडघा पलंगाला टेकवायचा आणि "चला, गाडी रिवर्स," म्हणून ओढायचं. बाळाराम हसायचा. अर्धंच तोंड हसायचं. त्याचं सगळं ती करायची, हगणंमुतणं धरून, आणि करताना नाक मुरडलेलं मी बघितलं नाही. पण प्रेमानं करते असंही दाखवायची नाही. भांडी घासावीत तसं करायची, चटचट.

जेवायची उभ्यानं. केस कधी धड विंचरलेले नाहीत. गळ्यात काळ्या दोऱ्यात घराची किल्ली. देखणी म्हणाल तर नाही. कोणी तिला "बिचारी" म्हटलं की तिला राग यायचा. आमच्या गल्लीतली एक बाई येता जाता म्हणायची, "बापाची किती सेवा करतेस गं, देव बघतो हो." एकदा हर्षालीनं तिला विचारलं, "काकी, देव नुसता बघतो काय? जरा हात लावायला सांग ना." ती बाई महिनाभर बोलली नाही. मला मजा वाटली.

दुपारी जेवणं झाली की बाप-लेक टीव्हीवर मारामारीचे सिनेमे बघायचे. बाळारामला तेच लागायचं. रडके सिनेमे लागले की तो डोळे मिटून घ्यायचा. मी खिडकीतून बघायची, टीव्ही माझ्या समोरच येत होता. सिनेमा कोणताही असो, पुढचं हर्षालीला आधी माहीत.

"आता काच फुटणार बघ आजी."

काच फुटायची.

"आता हिरोचा फोन लागणार नाय."

लागायचा नाही.

"आता व्हिलन सगळा प्लॅन सांगत बसणार."

तो सांगत बसायचा. मी म्हटलं, "मेल्याला गोळी घालायची तर घाल ना. भाषण कशाला?"

"भाषण नाय केलं तर हिरोला यायला टाइम कसा मिळणार?"

बाळारामलाही हे सगळं पाठ होतं. तरी हिरोनं पहिला ठोसा मारला की त्याचा डावा हात वर जायचाच.

एक दिवस असाच सिनेमा चालला होता. हिरोची बायको पळवून नेऊन एका गोदामात खुर्चीला बांधली होती. हिरो तिकडे मोटारसायकलवरून डोंगर उतरत होता. हर्षालीनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"आजी, ही बाई सकाळपासून खुर्चीत हाय. हिरो येईपर्यंत ती काय करत असेल?"

"काय करनार? रडत असेल."

"दिवसभर? तिला लघवीला लागत नसेल? पाठ भरून येत नसेल? कंटाळा येत नसेल?"

"तुला कशाला पंचायत?"

"कॅमेरा नेहमी हिरोबरोबर पळतो. हिच्याजवळ कोणी थांबतच नाय."

बाळारामनं चमच्यानं पेला वाजवला. त्याच्या डाव्या हाताशी पलंगाच्या कठड्याला एक स्टीलचा पेला तारेनं बांधलेला असायचा. काही हवं असलं की तो चमच्यानं वाजवायचा. तीच त्याची हाक. आता त्याला आवाज हवा होता. हर्षालीनं आवाज सुरू केला आणि बोट कानात घालून बसली.

शेवटच्या वर्षाला कॉलेजात प्रत्येकानं एक छोटा सिनेमा करायचा होता. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला प्रेमाचा आला, कोणाला भुताचा, हिला मारामारीचा. पोरं तिला म्हणाली, बदलून घे, तुला बाहेर पडता येत नाही आणि ह्यात तर नुसतं पळायचं असतं. तिनं बदलला नाही. सरांनी आणखी एक सांगितलं होतं. हैदराबादला त्यांच्या ओळखीचा एक स्टुडिओ होता, तिथं सिनेमांना आवाज चढवतात. ज्याचं आवाजाचं काम चांगलं निघेल त्याला ते तिकडे कामाला पाठवणार होते.

हे मला सांगताना ती खिडकीच्या गजाला धरून उभी होती. म्हणाली, "आजी, मला ते पाहिजे."

तिनं काही पाहिजे म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं. त्याआधी कधी नाही.

मी म्हटलं, "आनि बाप?"

"ते मला विचारू नको. आधी सिनेमा होऊ दे."

मग तिनं माणसं गोळा केली. हिरो म्हणून गण्या घेतला. गण्या आमच्याच गल्लीतला, व्यायामशाळेत जाऊन दंड फुगवलेला, बाकी रिकामा. व्हिलन म्हणून मला घेतलं.

"मी कशाला?"

"तुझा चेहराच तसा हाय."

"म्हणजे कसा?"

"कोणाची भीड न ठेवणारा."

मला पटलं. माझा मुलगा हसला, म्हणाला आई गुंडांची बॉस. सुनेला त्यात काही नवल वाटलं नाही.

सिनेमाचं नाव ओलीस. गोष्ट अशी की एक पोरगी अडकली आहे आणि गण्या तिला सोडवायला निघतो. मी गच्चीवर खुर्ची टाकून सुपात सुका जवळा निवडत बसायचं आणि माणसांना हुकूम द्यायचे. माणसं म्हणजे गण्याच्या व्यायामशाळेतलीच पोरं. गण्या येऊन गरजणार, "पोरगी कुठाय?" मी विचारलं, मग मी प्लॅन सांगायचा काय?

"नाय. तू मान वर करायची नाय. जवळा निवडत म्हणायचं, घरी."

"बस?"

"बस. घरीच हाय ती."

एवढं एक वाक्य मी सकाळभर म्हटलं. तिला पटेना. म्हणायची, रागानं नको, मायेनं नको, भाव विचारल्यावर कोळीण सांगते तसं सांग. तसं सांगितलं तेव्हा सोडलं.

गण्याला उडी मारायची होती. सगळ्या सिनेमांत हिरो एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर उडी मारतो, तशी. त्यानं कपाळाला रुमाल बांधला, लांबून पळत आला आणि मारली. आमच्या गच्च्या एकमेकींना लागून. कपडे वाळत घालायला बायका रोज इकडून तिकडे जातात. गण्या मधली फट सोडून कुठच्या कुठे गेला आणि शेजारच्या वहिनीच्या पापडांत पडला. तो हिरो आहे हे वहिनीनं बघितलं नाही, मागं लागून झोडला. हर्षालीनं तेही कॅमेऱ्यात घेतलं.

मग म्हणाली, "आता पळत ये, कडेला थांब, आणि नुसता पाय टाकून पलीकडे जा."

"अगं मग थ्रिल काय राहिलं?"

"तेच तर."

तो पळत आला, थांबला, पाय टाकला. त्याच वेळी समोरून एक बाई कपड्यांची बादली घेऊन अलीकडे आली. तिला हर्षालीनंच सांगून ठेवलं होतं. मग गण्या एका गच्चीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मधून पळत राहिला आणि फिरून पुन्हा माझ्या खुर्चीपाशी आला. आमच्या गच्च्यांवरून कितीही पळा, गावठाणाच्या बाहेर पडता येत नाही. पलीकडे मोठे रस्ते आणि सोसायट्या.

धापा टाकत गण्या म्हणाला, "म्हणजे मी कुठंच पोचत नाय?"

"नाय."

"मग पळू कशाला?"

"बघणाऱ्याला वाटलं पाहिजे ना, पोचशील म्हणून."

शेवट असा होता. गण्या घाम पुसत तिच्या दारापाशी येतो, लाथ मारायला पाय उचलतो, तर दार नुसतं लोटलेलं. आत ती पोरगी. ते काम हर्षालीनं स्वतः केलं. बांधलेली नाही, काही नाही. ती म्हणते, "आलास? जरा पाय धर, बाबांना वळवायचंय." गण्या पाय धरतो. मग ती त्याला पलंगापाशी स्टुलावर बसवते, स्वतः चपला घालते आणि दारात उभी राहते. तिथं सिनेमा संपतो. ती गेली की नाही ते दाखवायचं नाही.

बापाचं काम बापानंच केलं. त्याला मजा आली. शर्ट इस्त्रीचा हवा म्हणून पेला वाजवून वाजवून त्यानं लेकीला कपाटापर्यंत पाठवली. मारामारीच्या सिनेमात आपण आहोत, एवढं त्याला पुरे होतं. आपण त्यात काय आहोत हे त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे.

पेल्याची कल्पना तिचीच. म्हणाली, "सिनेमात बॉम्बला घड्याळ असतं, टिक टिक करत. आपल्याकडे घड्याळाच्या जागी बाबा हायत." बाळाराम पेला वाजवणार, आधी हळू, मग भराभर, आणि तो आवाज गण्याच्या पळण्याखाली लावायचा. तिनं त्याला शिकवलं. तो लहान पोरासारखा लागला की वाजवायला. सकाळी वाजव, दुपारी वाजव. गल्लीतल्या बाया वैतागल्या, दोघी-तिघी काय हवं नको बघायला धावत पण आल्या. मग हर्षाली दारोदार जाऊन सांगून आली, "शूटिंग चाललंय. पेला वाजला तरी येऊ नका. काम असेल तर मी हाय."

सगळ्यांनी ऐकलं. आमच्याकडे एकदा सांगितलं की माणसं ऐकतात, आणि परत नको सांगेपर्यंत ऐकत राहतात.

त्या दिवशी पळायचे राहिलेले तुकडे घ्यायचे होते. आम्ही सगळे गच्चीवर. बाळाराम जेवून पडला होता, हर्षाली दर थोड्या वेळानं खाली जाऊन बघून येत होती. कानाला मोठे हेडफोन, हातात आवाज धरायचं यंत्र. गण्याच्या पावलांचा आवाज हवा होता तिला, म्हणून सगळ्यांना गप्प बसवलं होतं.

खालून पेला वाजायला लागला.

गण्या म्हणाला, "तुझा बाप वाजवतोय."

"वाजवू दे. सवय लागलीय त्यांना. तू पळ."

गण्या पळाला. पेला वाजत होता. भराभर वाजत होता, मधेच चुकत होता, पुन्हा लागत होता. आम्ही सगळ्यांनी ऐकला. खालच्या बायांनी ऐकला. एक बाई जिन्यात उभी होती, ती तर नंतर म्हणाली, मला वाटलं आज काय छान वाजवतोय.

मग पेला थांबला.

हर्षालीनं हेडफोन काढले. म्हणाली, "थांबला." बस एवढंच. आणि ती पळाली. हातातलं यंत्र तिनं माझ्या जवळ्याच्या सुपात टाकलं होतं.

मी पोचेपर्यंत गण्यानं पलंग ओढून बाजूला केला होता. बाळाराम पलंग आणि भिंतीच्या मधे सरकला होता. अंग खाली, डावा हात कठड्यात पिळलेला, मान छातीवर. श्वास चालू होता. डोळे उघडे होते. हर्षाली त्याला काखेत धरून वर ओढत होती आणि तोंडानं सारखं काहीतरी बोलत होती. मी जवळ गेले तर ती म्हणत होती, "गण्या, पाय धर, पाय धर, पाय धर." सिनेमातलंच वाक्य होतं. गण्याच्या लक्षात आलं. एवढा दंडांचा पोरगा, मटकन खाली बसला. मग पाय मी धरले.

वाशीच्या दवाखान्यात खांदा बसवून दिला. डावा. हात छातीशी बांधून टाकला. म्हणजे त्या माणसाकडे जे एक हलणारं होतं ते पण गेलं, बरं होईपर्यंत तरी. सुगंधा कामावरून परस्पर दवाखान्यात आली. लेकीला ओलांडून ती नवऱ्यापाशी जाऊन बसली. लेकीला बोलली असती तर बरं झालं असतं.

मला वाटलं, सिनेमा संपला. थोड्या दिवसांनी हर्षालीनं मला खिडकीतून हाक मारली आणि हेडफोन पुढे केले. "ऐक."

गण्याची पावलं. त्याच्या खाली पेला. सुपातल्या यंत्रानं सगळं धरलं होतं, पेला थांबल्यानंतरची शांतता पण. त्या शांततेत मागून हिच्या पळण्याचा आवाज होता, चपला सुटल्याचा.

मी हेडफोन काढून दिले. "हे पुसून टाक."

"नाय."

"लाज वाटत नाय? बाप मरत होता त्यात."

"म्हणूनच. मी त्यांना दहा वेळा शिकवलं, कधी असं नाय वाजलं. हे खोटं करता येत नाय आजी."

"खरं हाय म्हणून सगळं लोकांना ऐकवायचं काय?"

ती बोट कानात घालायला गेली आणि हात मधेच खाली आणला. म्हणाली, "ह्याच्यावर मला तिकडे घेतील. मला माहीत हाय."

"आनि नाय ठेवलंस तर?"

"नाय घेणार."

मी म्हटलं, "त्याला विचार. आवाज त्याचा हाय."

तिनं विचारलं. मी खिडकीतच होते. बाळारामच्या कानाला हेडफोन लावून तिनं सगळं ऐकवलं, थांबलेलं पण. मग विचारलं, "बाबा, ठेवू?" हात बांधलेला. वर करायला काही नव्हतं. त्याच्या तोंडाची चालती बाजू हलली. ती म्हणाली, "हो म्हणाले." ते हसणं होतं की दुसरं काही, मी आजही सांगणार नाही. मला दिसलं ते सांगितलं.

कॉलेजात सिनेमा दाखवला तेव्हा ती मला आणि गण्याला घेऊन गेली. मोठा पडदा, थंडगार खोली. गण्यानं पाय टाकून गच्ची ओलांडली तेव्हा पोरं हसली. मी "घरी" म्हटलं तेव्हा पण हसली. पापडात पडल्यावर तर टाळ्या. मग पेला सुरू झाला आणि हसणं कमी होत गेलं. भिंतीतून आवाज येत होता. पेला थांबला तेव्हा माझ्या शेजारच्या पोरीनं खुर्चीचा दांडा धरला. गण्या मान खाली घालून बसला होता.

संपल्यावर एका पोरानं विचारलं, "पण ह्याच्यात व्हिलन कोण?"

हर्षालीनं माझ्याकडे बोट दाखवलं. सगळे हसले.

"नाही, खरंच कोण?"

"कोणीच नाही. म्हणून तर हिरोला कोणाला मारता येत नाही. मारामारीच्या सिनेमात कोणीतरी बांधून ठेवलेलं असतं. त्याला मारलं की सुटका. इथं कोणाला मारू?"

सर खूश झाले. म्हणाले, पाठलाग घेतलास, उडी घेतलीस, घड्याळ घेतलंस, आणि एकेकातली हवा काढलीस, शाब्बास. मग म्हणाले, "तो पेल्याचा आवाज कसा मिळवलास? ॲक्टिंग वाटतच नाही."

हर्षाली म्हणाली, "घरी रेकॉर्ड केला, सर."

आमच्या गावात पण नंतर देवळापुढे चादर लावून दाखवला. माणसं म्हणाली, गण्या चांगला पळाला, पण मारामारी कुठाय?

हैदराबादचा फोन आला. या म्हणाले. ती खिडकीत तोंड घालून दबक्या आवाजात सांगायची, "हो सर, पुढच्या आठवड्यात." पुढचा आठवडा आला की परत तेच. बाळारामचा हात सोडला होता पण पूर्वीसारखा उचलत नव्हता. चमचा हातातून गळायचा. हाकेला पेला पण राहिला नव्हता, म्हणजे आता नुसतं घरात असून भागत नव्हतं, त्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागत होतं.

मी म्हटलं, "जायचं तर जा, नायतर नाय म्हन. त्यांना टांगून ठेवू नको, आनि स्वतःला पण नको."

"मी गेले आणि परत असं झालं तर?"

"तू इथं होतीस तेव्हाच झालं ना?"

माझं बोलणं तिला लागलं. लागू दे. खोटं नव्हतं.

हे आमचं बोलणं सुगंधानं ऐकलं. ती मागं भाजी चिरत होती. दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात जाऊन काम सोडून आली. कोणाला विचारलं नाही. सुगंधाला त्या कारखान्याची फार आवड. तिथल्या बाया, डबे, एकमेकींच्या साड्या, हळदीकुंकू, सगळं तिचं तिथंच. घरी ती पाहुणी असल्यासारखी असायची. ती येऊन म्हणाली, "ह्यांच्या आजारपणाचे बंदराकडून थोडे पैसे येतात, तेवढ्यात भागवू. मी बसते घरी. आता माझी पाळी."

हर्षाली भडकली. तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मी सांगितलं होतं तुला? मग तू अडकून राहणार. तुला सोडवायला कोण येणार?"

"तुझ्या सिनेमात कोण आला? गण्या. त्यानं काय केलं?" सुगंधानं विचारलं. "स्टुलावर बसला ना?"

मी खिडकीतून बाजूला झाले. कोणाच्या घरातलं किती बघायचं त्याला पण काही मर्यादा आहे.

ती हैदराबादला निघाली त्या सकाळी त्यांची खिडकी बंद होती. बापाला काय सांगितलं, त्यानं काय केलं, मला माहीत नाही. सुगंधा सांगत नाही, मी विचारत नाही.

मी मासळी आणायला बाजारात निघाले होते. गल्लीत रिक्षा शिरत नाही, म्हणून ती मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी होती, पायाशी बॅग. मला तिनं बघितलं. मी पण बघितलं. हाक मारायचं काही कारण नव्हतं. एक रिक्षा थांबली, तिनं हातानं जा म्हणून सांगितलं. दुसरी थांबली, तिलाही घालवली. मला वाटलं, आता परत फिरणार. मी तिथंच पिशवी घेऊन उभी राहिले, काय करते ते बघायला. तिसरीवाल्यानं विचारलंच नाही. उतरला, तिची बॅग उचलून आत टाकली आणि मीटर फिरवला. मग ती बसली. एका बाजूला सरकून, जड बॅग मांडीवर घेऊन, एक पाय आत आणि एक पाय रस्त्यावर.

"ताई, पाय आत घ्या," रिक्षावाला म्हणाला.

तिनं ऐकलं नसावं. रिक्षा तशीच निघाली.